रक्त कमी आहे, पण कशामुळे?

‘अंगात रक्त नाही’ हे निदान वऱ्हाडात घरोघरी ऐकू येते. अमरावतीच्या डफरिनमध्ये नाव नोंदवायला आलेली गर्भवती असो, अकोल्याच्या लेडी हार्डिंगमध्ये बाळंत झालेली सून असो, की मेळघाटातून धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात आणलेले अशक्त मूल असो. बोटाला सुई टोचून हिमोग्लोबिन नऊ निघाले की पुढचा सल्ला ठरलेला असतो. लोहाच्या गोळ्या घ्या, पालेभाजी खा, गूळ-शेंगदाणे खा, महिन्याने या.

बहुतेकांच्या बाबतीत हा सल्ला बरोबर ठरतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के रक्तक्षयाने ग्रासलेली आहेत. त्यात लोहाच्या कमतरतेचा वाटा मोठा आहे. पण वऱ्हाडात रक्त कमी असण्याची आणखी दोन कारणे पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहेत: सिकलसेल आणि थॅलेसेमिया. ही कारणे आईवडिलांकडून येतात, गोळ्यांनी जात नाहीत आणि पुढच्या पिढीत उतरतात. हिमोग्लोबिनच्या मशीनवर मात्र तिन्ही कारणांचा आकडा सारखाच दिसू शकतो.

त्यामुळे ‘हिमोग्लोबिन कमी’ हे लक्षण समजावे, निदान नव्हे. निदान त्यानंतरच्या दोन-तीन चाचण्यांतून होते. त्या कोणत्या आणि कशा वाचायच्या, हे वऱ्हाडातल्या प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असायला हवे.

आपल्याच भागात ही तिन्ही कारणे का?

सिकलसेलचा पट्टा गुजरातच्या आदिवासी भागापासून सातपुड्याच्या कडेकडेने मध्य प्रदेश, विदर्भ, छत्तीसगड आणि ओडिशापर्यंत पसरला आहे. १९५२ मध्ये भारतात हा दोष प्रथम निलगिरीतल्या आदिवासींत आढळला. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात केली. तोवर हा आजार आफ्रिकी वंशाच्या लोकांचाच, अशी सर्वसाधारण समजूत होती.

हा दोष इथे टिकून राहिला तो मलेरियामुळे. सिकलसेलचे एकच जनुक असलेल्या माणसाला जीवघेण्या फाल्सिपेरम मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत दाखवून दिले. जिथे शतकानुशतके मलेरियाने माणसे मरत होती, तिथे हे जनुक बाळगणारी माणसे जगली आणि त्यांनी ते पुढे दिले. मध्य भारतातल्या काही आदिवासी गटांत शंभरातली तीसहून अधिक माणसे वाहक आढळली आहेत. पण विदर्भात सिकलसेल आदिवासींपुरता नाही. अनुसूचित जातींच्या आणि इतर मागासवर्गीय समाजांच्या अनेक कुटुंबांतही तो आहे. म्हणून आडनाव पाहून ‘यांना कशाला तपासायचे’ असे ठरवणे चूक आहे.

थॅलेसेमियाची वाट वेगळी आहे. बीटा थॅलेसेमियाचे वाहक देशभरात सरासरी शंभरात तीन ते चार आहेत; सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत हे प्रमाण बरेच जास्त आहे. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे अमरावती आणि अकोल्यात स्थिरावली, व्यापारात रुजली. त्यांच्यासाठी ही तपासणी फारच महत्त्वाची आहे. तरीही थॅलेसेमियाचे जनुक इतर समाजांत मुळीच नाही असे नव्हे. सिकलसेल आणि थॅलेसेमिया, दोन्हींची जनुके एकाच जिल्ह्यात, कधी एकाच घरात सापडतात, आणि त्यातून वऱ्हाडातला प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो.

बिघाड नेमका कुठे?

हिमोग्लोबिनच्या एका रेणूत प्रथिनांच्या चार साखळ्या असतात: दोन अल्फा, दोन बीटा. प्रत्येक साखळीत हीम नावाचा भाग असतो आणि त्याच्या मधोमध लोहाचा अणू. लोह कमी पडले तर हीम बनत नाही. थॅलेसेमियात लोह मुबलक असते, पण साखळी पुरेशी तयार होत नाही. सिकलसेलमध्ये साखळी तयार होते, पण बीटा साखळीच्या सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल बसते. एवढ्याशा फरकाने प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिनच्या रेणूंचे दोर वळले जातात, पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि लवकर फुटते. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेल आजारातली पेशी १० ते २० दिवसांत संपते.

यापैकी एकच सदोष जनुक मिळालेल्या माणसाला वाहक म्हणतात. आपल्याकडच्या आरोग्य केंद्रांत सिकलसेलच्या वाहकाला ‘एएस पॅटर्न’ आणि दोन्ही जनुके सदोष असलेल्या रुग्णाला ‘एसएस पॅटर्न’ म्हणण्याची पद्धत आहे. वाहक माणूस सहसा ठणठणीत असतो. शेतीकाम, नोकरी, बाळंतपण सारे नीट पार पडते, आणि म्हणूनच आपण वाहक आहोत हे त्याला आयुष्यभर कळत नाही.

सीबीसीच्या कागदावरचे चार आकडे

पहिली चाचणी साधी आणि सगळीकडे होणारी आहे: सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची संपूर्ण मोजणी. बहुतेक जण त्यातला हिमोग्लोबिनचा आकडा पाहतात आणि कागद घडी करून ठेवतात. त्या कागदावर आणखी तीन आकडे वाचण्यासारखे असतात.

एक, आरबीसी, म्हणजे लाल पेशींची संख्या. दोन, एमसीव्ही, म्हणजे एका लाल पेशीचे सरासरी आकारमान. मोठ्या माणसात ते साधारण ८० ते १०० असते. तीन, आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारात किती कमीजास्तपणा आहे त्याचे माप. ते साधारण साडेअकरा ते साडेचौदाच्या दरम्यान असते.

लोहाची कमतरता आणि थॅलेसेमियाचे वाहकपण, दोन्हींत पेशी लहान होतात, म्हणजे एमसीव्ही ८० च्या खाली जाते. फरक इतर दोन आकड्यांत दिसतो. वीटभट्टीवर माती कमी पडली तर विटाही कमी पडतात आणि कुठली लहान, कुठली मोठी अशा निघतात. साचाच लहान असेल तर विटा भरपूर पडतात, पण सगळ्या सारख्याच लहान. लोह कमी असताना लाल पेशींची संख्या घटते आणि आरडीडब्ल्यू वाढते. थॅलेसेमियाच्या वाहकात संख्या चांगली, कित्येकदा नेहमीपेक्षा जास्त असते आणि आरडीडब्ल्यू फारसे वाढत नाही.

समजण्यासाठी दोन अहवाल कल्पून पाहू. पहिलीचे हिमोग्लोबिन ८.६, आरबीसी ३.९, म्हणजे रक्ताच्या दर घनमिलिमीटरमध्ये ३९ लाख पेशी, एमसीव्ही ७० आणि आरडीडब्ल्यू १९. दुसरीचे हिमोग्लोबिन १०.४, आरबीसी ५.६, एमसीव्ही ६२ आणि आरडीडब्ल्यू १५. दुसरीचे हिमोग्लोबिन पहिलीपेक्षा चांगले, तरी पेशी तिच्याच जास्त लहान आहेत आणि संख्येने भरपूर आहेत. इथे थांबून विचार करायला हवा.

विल्यम मेंट्झर या डॉक्टरांनी १९७३ मध्ये यासाठी एक सोपा भागाकार सुचवला: एमसीव्हीला आरबीसीने भागा. उत्तर १३ च्या वर आले तर लोहाच्या कमतरतेकडे कल, १३ च्या खाली आले तर थॅलेसेमियाच्या वाहकपणाकडे. पहिलीचे उत्तर सुमारे १८ येते, दुसरीचे ११. हा भागाकार कुणालाही घरी करता येतो. पण तो केवळ दिशा दाखवतो. लोह कमी असलेला थॅलेसेमिया वाहक, नुकतीच लोहाची गोळी सुरू केलेली रुग्ण किंवा गर्भवती यांच्या बाबतीत तो फसू शकतो. त्यावरून निदान पक्के करू नये आणि निश्चिंतही होऊ नये.

सिकलसेलचा वाहक या गाळणीतून सरळ निसटतो. त्याचे हिमोग्लोबिन आणि एमसीव्ही दोन्ही सहसा ठीक असतात. सीबीसी चांगली आली म्हणून सिकलसेल नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. उलट सिकलसेल वाहकाचे हिमोग्लोबिन आठ-नऊ निघाले तर ते वाहकपणामुळे असे मानून सोडून देऊ नये; लोहाची कमतरता किंवा दुसरे कारण शोधायला हवे.

फेरिटिन: शरीरातला लोहाचा साठा

दुसरी चाचणी फेरिटिनची. फेरिटिन हे लोह साठवणारे प्रथिन आहे आणि रक्तातल्या त्याच्या पातळीवरून शरीरातला साठा कळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार निरोगी प्रौढात ते १५ नॅनोग्रॅमच्या खाली आणि पाच वर्षांखालच्या मुलात १२ च्या खाली असेल तर लोहाची कमतरता ठरते. फेरिटिन कमी आले की लोह कमी आहे याबद्दल शंका उरत नाही.

अडचण येते ती फेरिटिन ‘नॉर्मल’ आल्यावर. ताप, जंतुसंसर्ग, सूज, यकृताचा आजार यांत फेरिटिन वाढते आणि रिकामा साठाही भरलेला दिसतो. म्हणून सोबत सीआरपी ही सूज दाखवणारी चाचणी करणे चांगले. संसर्ग असताना प्रौढांसाठी ७० आणि लहान मुलांसाठी ३० ही मर्यादा धरावी, असे हीच संघटना सुचवते. नुसते ‘सीरम आयर्न’ तपासून भागत नाही. तो आकडा दिवसभरात पालटतो आणि सकाळी लोहाची गोळी घेतली असेल तर फुगलेला येतो.

कमतरता सापडली तरी ती का झाली, हा प्रश्न उरतोच. मासिक पाळीत जास्त रक्तस्राव, पाठोपाठची बाळंतपणे, अनवाणी शेतात वावरताना शिरणारे अंकुशकृमी, जेवणाला लागून घेतलेला चहा ही नेहमीची कारणे. प्रौढ पुरुषात किंवा पाळी गेलेल्या स्त्रीत लोह कमी निघाले तर पोटात किंवा आतड्यात कुठे रक्तस्राव होतो का, ते पाहायलाच हवे.

एचपीएलसी: हिमोग्लोबिनची ओळखपरेड

तिसरी चाचणी निर्णायक आहे. एचपीएलसी या यंत्रातून रक्तातली वेगवेगळ्या प्रकारची हिमोग्लोबिन निरनिराळी होऊन बाहेर पडतात आणि प्रत्येकाची टक्केवारी मिळते. हिमोग्लोबिन ए-२ हा प्रकार निरोगी माणसात साधारण दोन ते सव्वातीन टक्के असतो. तो साडेतीन टक्क्यांच्या वर, बहुतेकदा चारच्या पुढे गेला आणि पेशी लहान असल्या, तर तो माणूस बीटा थॅलेसेमियाचा वाहक असतो. सिकलसेलच्या वाहकात हिमोग्लोबिन एस साधारण २० ते ४० टक्के आणि नेहमीचे हिमोग्लोबिन ए त्याहून जास्त आढळते. एसएस रुग्णात ए जवळपास नसतेच. एस बहुतांश असते आणि बाकीचे बरेचसे गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन एफ.

इथे डॉक्टरांनाही चकवणारी एक गाठ आहे. लोहाची कमतरता असेल तर ए-२ चे प्रमाण खाली येते. एरवी ३.८ दिसला असता तो आकडा ३.४ दिसतो आणि वाहक माणूस निरोगी ठरून घरी जातो. म्हणून ए-२ काठावर आणि फेरिटिन कमी असेल तर आधी लोह भरून काढावे आणि दोन-तीन महिन्यांनी एचपीएलसी पुन्हा करावी. गर्भवतीला मात्र इतकी वाट पाहायला सांगू नये. तिच्या नवऱ्याचे रक्त लगेच तपासावे. तो वाहक नसेल तर मोठी चिंता मिटते.

आणखी दोन पथ्ये आहेत. रक्त चढवले असेल तर रक्तदात्याच्या पेशी अहवालात मिसळतात; त्यामुळे चाचणी रक्त चढवण्याआधी करावी किंवा नंतर तीन महिने थांबावे. आणि पेशी लहान, फेरिटिन चांगले, एचपीएलसीही स्वच्छ असे निघाले तर अल्फा थॅलेसेमियाची शक्यता उरते. ती जनुकाच्या तपासणीतूनच कळते. मध्य भारतातल्या आदिवासींत अल्फा थॅलेसेमिया दुर्मीळ नाही.

शिबिरात ‘निगेटिव्ह’ आले, म्हणजे काय?

गावात आशाताई आणि एएनएम सिकलसेलची जी तपासणी करतात ती बहुतेकदा सोल्युबिलिटी चाचणी असते. रसायनात रक्ताचे थेंब टाकतात. हिमोग्लोबिन एस असेल तर मिश्रण गढूळ होते आणि मागे धरलेल्या रेषा दिसेनाशा होतात. चाचणी स्वस्त आणि झटपट आहे, पण तिच्या मर्यादा ओळखायला हव्यात. ती एएस की एसएस हे सांगत नाही. त्यासाठी पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावीच लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात ती फसते, कारण तेव्हा एस पुरेसे तयार झालेले नसते. हिमोग्लोबिन फारच कमी असेल तेव्हाही ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही चाचणी थॅलेसेमिया ओळखत नाही. समजा, नवरा सिकलसेलचा वाहक आहे आणि बायको शिबिरात निगेटिव्ह आली, पण ती थॅलेसेमियाची वाहक आहे. दोघांनाही वाटते की धोका नाही. प्रत्यक्षात त्यांच्या प्रत्येक बाळाला सिकल-थॅलेसेमिया होण्याची शक्यता चारात एक असते, आणि हा आजार कित्येकदा एसएसइतकाच तीव्र असतो. विदर्भात दोन्ही जनुके आहेत, त्यामुळे ही केवळ पुस्तकातली शक्यता नव्हे. जोडीदारांपैकी एक जरी वाहक निघाला तरी दुसऱ्याची सीबीसी आणि एचपीएलसी व्हायलाच हवी.

चुकीच्या निदानाची किंमत

थॅलेसेमियाच्या वाहकाला वर्षानुवर्षे लोह दिले तर हिमोग्लोबिन वाढत नाही, आणि ‘हिला गोळ्या लागू पडत नाहीत’, ‘ही खातच नाही’ असे बोल त्या बाईला ऐकावे लागतात. दोष तिचा नसतो. जादा लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही; रोज मिलिग्रॅम-दोन मिलिग्रॅम लोह शोषले जाते आणि तेवढेच झडते. रक्ताच्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात येते. वारंवार रक्त लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांत हेच लोह हृदय आणि यकृतात साचते. म्हणून अशा रुग्णाला फेरिटिन न पाहता लोह देणे धोक्याचे आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. वाहक म्हणजे लोह वर्ज्य, असा गैरसमज करून घेऊ नये. वाहक बाईलाही पाळी येते, बाळंतपणे होतात, तिचेही लोह कमी होते. फेरिटिन कमी असेल तर तिला लोह दिलेच पाहिजे, आणि गरोदरपणात सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या ६० मिलिग्रॅम लोह आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्या डॉक्टरांनी थांबवायला सांगितल्याशिवाय बंद करू नयेत.

गोळ्यांचा परिणाम हीसुद्धा एक तपासणीच आहे. लोहाचीच कमतरता असेल आणि गोळ्या नियमित घेतल्या तर महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने वाढते. वाढले नाही तर गोळीचा ब्रँड बदलण्याआधी निदान पुन्हा तपासावे. २०१८ पासूनच्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमातही हिमोग्लोबिनचे आनुवंशिक दोष, मलेरिया आणि फ्लोरोसिस ही आहाराबाहेरची कारणे शोधण्याचा समावेश आहे.

साक्षगंधाआधी एक तपासणी

नागपूरच्या संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या माध्यमातून विदर्भात हा विषय लोकांपर्यंत आणि सरकारपर्यंत नेला. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आणि थॅलेसेमियाचा समावेश झाला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले. आदिवासीबहुल भागातल्या ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे.

आपल्या राज्यात तपासणीनंतर निरोगी व्यक्तीला पांढरे, वाहकाला पिवळे आणि रुग्णाला लाल कार्ड देण्याची पद्धत आहे. पिवळे कार्ड म्हणजे आजार नव्हे आणि कलंक तर मुळीच नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की जोडीदार निवडताना त्याचेही रक्त तपासलेले असावे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के असते. अशा जोडप्याचे लग्न झालेले असेल तर गरोदरपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते. मात्र त्यासाठी दोघे वाहक आहेत हे त्याआधी कळलेले असावे लागते. पाचव्या-सहाव्या महिन्यात पहिल्यांदा दवाखान्यात गेलेल्या बाईची ही वेळ निघून गेलेली असते.

सोयरीक जुळवताना आपण शेती विचारतो, नोकरी विचारतो, पत्रिका पाहतो. त्यात रक्ताचा एक कागद मिळवावा. मुलगा-मुलगी कॉलेजात असतानाच एकदा सीबीसी आणि एचपीएलसी करून घ्यावी. हिमोग्लोबिनचा प्रकार जन्मभर बदलत नाही, त्यामुळे लोहाची कमतरता नसताना केलेली ही चाचणी पुन्हा करावी लागत नाही. तो अहवाल आधार कार्डासारखा जपून ठेवावा. आणि पुढच्या वेळी कुणी ‘रक्त कमी आहे’ म्हणाले की गोळ्यांचे पाकीट हातात घेताना डॉक्टरांना तीन गोष्टी नक्की विचाराव्यात: माझी एमसीव्ही किती आहे, फेरिटिन पाहायचे का, आणि माझी एचपीएलसी कधी झाली आहे का?